आधी काय संपतं? लिमिटिंग रिएजंट शोधण्याची रीत

मिसळीच्या एका प्लेटला एक वाटी उसळ आणि दोन पाव लागतात. गाडीवर उसळ आहे बारा वाट्या, पाव आहेत वीस. किती प्लेटा निघतील? दहा. पाव आकड्याने जास्त असूनही तेच आधी संपले आणि दोन वाट्या उसळ पातेल्यात राहिली. विसाव्या पावानंतर आणखी पाच वाट्या उसळ केली तरी अकरावी प्लेट निघत नाही.

लिमिटिंग रिएजंट म्हणजे रासायनिक अभिक्रियेतला पाव. जो अभिक्रियाकारक आधी संपतो आणि आपल्याबरोबर अभिक्रियाही थांबवतो, तो. बाकीचे उरतात, त्यांना जास्तीचे किंवा एक्सेस म्हणतात. उत्पादित, म्हणजे अभिक्रियेतून बनणारा पदार्थ, किती मिळणार हे आधी संपणाराच ठरवतो.

याच गाडीवर अजून एक गोष्ट बघण्यासारखी आहे. पाववाला पाव सुटे मोजून देत नाही, लादीने देतो. उसळीची मटकी किलोने येते. ‘मटकी दीड किलो आणि लाद्या चार, मग कमी काय?’ या प्रश्नाला उत्तर नाही. आधी लादीचे पाव करावे लागतात आणि किलोच्या वाट्या. रसायनात ग्रॅमचे मोल करायचे ते याच कारणाने. समीकरण रेणूंची भाषा बोलतं आणि तराजू ग्रॅमची. मधला दुभाषा म्हणजे मोल. एक मोल म्हणजे ६.०२२ × १०²³ कण. हा आकडा या हिशोबात कुठेही वापरावा लागत नाही, पण मोल हे ‘नग’ मोजण्याचं माप आहे एवढं डोक्यात पक्कं असू द्या.

रीत

अमोनियाचं उदाहरण घेऊ. अलिबागजवळच्या थळच्या खत कारखान्यात युरियासाठी जो अमोनिया बनतो, त्याची ही अभिक्रिया:

१ नायट्रोजन + ३ हायड्रोजन → २ अमोनिया

समजा ५६.० ग्रॅम नायट्रोजन आणि १०.० ग्रॅम हायड्रोजन घेतला.

१. समीकरण संतुलित आहे का, म्हणजे दोन्ही बाजूंना प्रत्येक मूलद्रव्याचे अणू सारखे आहेत का, ते बघा. प्रश्नात दिलेलं समीकरण संतुलित असेलच असं धरून चालू नका. परीक्षेत ते मुद्दाम कच्चं दिलेलं असतं, आणि इथे चुकलात तर पुढचं सगळं नेटकं गणित वाया जातं.

२. प्रत्येक अभिक्रियाकारकाचे मोल काढा: ग्रॅम भागिले रेणुवस्तुमान (एका मोलाचे ग्रॅम). नायट्रोजन ५६.० ÷ २८.०२ = २.०० मोल. हायड्रोजन १०.० ÷ २.०१६ = ४.९६ मोल. हे दोन्ही वायू जोडरेणूंचे आहेत, म्हणजे एका रेणूत दोन अणू. नायट्रोजनला १४ ने आणि हायड्रोजनला १ ने भागणं ही नवख्यांची सर्वांत जास्त दिसणारी चूक आहे.

३. प्रत्येकाचे मोल त्याच्या समीकरणातल्या सहगुणकाने, म्हणजे नावाआधी लिहिलेल्या आकड्याने, भागा. नायट्रोजन २.०० ÷ १ = २.००. हायड्रोजन ४.९६ ÷ ३ = १.६५.

४. ज्याचा भागाकार सर्वांत लहान, तो लिमिटिंग रिएजंट. इथे हायड्रोजन.

५. तो लहान भागाकार टिपून ठेवा, पुढचं सगळं त्यावरच चालतं. उत्पादिताचे मोल = भागाकार × उत्पादिताचा सहगुणक. अमोनिया १.६५३ × २ = ३.३०७ मोल, म्हणजे १७.०३ ने गुणून ५६.३ ग्रॅम. नायट्रोजन खर्च झाला १.६५३ × १ = १.६५३ मोल, उरला ०.३४७ मोल, म्हणजे ९.७ ग्रॅम.

६. ताळा घ्या. आत घातलं ६६.० ग्रॅम, बाहेर आलं ५६.३ + ९.७ = ६६.०. जुळलं. हा ताळा अर्ध्या मिनिटाचा आहे, तरी बहुतेक जण तो टाळतात. संतुलन किंवा रेणुवस्तुमान चुकलं असेल तर ते इथेच पकडलं जातं.

तिसऱ्या पायरीतला भागाकार म्हणजे नेमकं काय, हे कळलं की रीत पाठ करावी लागत नाही. तो आहे ‘या मालातून किती प्लेटा निघतील’ हा आकडा. नायट्रोजन दोन मोल प्लेटांना पुरतो, हायड्रोजन १.६५ मोल प्लेटांना. मग प्लेटा १.६५ मोलच होणार.

याच उदाहरणात दोन वेगवेगळे सापळे आहेत. ग्रॅम बघून ‘हायड्रोजन कमी आहे, तोच लिमिटिंग’ म्हणणाऱ्याचं उत्तर बरोबर येतं, पण नशिबाने. हायड्रोजन १३ ग्रॅम घेऊन बघा: ६.४५ मोल, भागिले ३ म्हणजे २.१५. आता ग्रॅमने चौपट असलेला नायट्रोजन आधी संपतो. आणि नुसते मोल बघून ‘हायड्रोजन ४.९६, नायट्रोजन २.००, म्हणजे नायट्रोजन कमी’ म्हणणारा तर मूळ गणितातच चुकतो. सहगुणकाने भागल्याशिवाय तुलना करायची नाही.

वर्गात बऱ्याचदा दुसरी रीत शिकवतात: प्रत्येक अभिक्रियाकारक पूर्ण संपला असं धरून किती उत्पादित मिळेल ते काढायचं, ज्याच्याकडून कमी मिळेल तो लिमिटिंग. चूक काहीच नाही, उत्तर तेच येतं. पण तीन अभिक्रियाकारक असले की लांबलचक होते आणि आकडेमोडीत घसरायला जागा जास्त मिळते. भागाकाराची रीत कितीही अभिक्रियाकारकांना तशीच्या तशी चालते.

एक खुलासा. कारखान्यात नायट्रोजन-हायड्रोजनचं मिश्रण उत्प्रेरकावरून एकदा गेलं की त्यातला साधारण १५ ते २० टक्केच अमोनिया होतो. उरलेला वायू पुन्हा पुन्हा फिरवावा लागतो. अभिक्रिया उलटही फिरते, म्हणून. लिमिटिंग रिएजंटवरून येणारा आकडा ‘जास्तीत जास्त इतकं’ असं सांगतो. ‘इतकं मिळेलच’ अशी हमी त्यात नाही.

स्वयंपाकघरातला प्रयोग

कागदावरची रीत आली तरी ‘आधी संपणं’ डोळ्यांनी पाहिलेलं बरं. त्यासाठी व्हिनेगर, खाण्याचा सोडा, फुगे आणि अर्ध्या लिटरच्या पाच रिकाम्या बाटल्या पुरतात. शिवाय ०.१ ग्रॅम किंवा त्याहून बारीक दाखवणारा छोटा वजनकाटा लागेल. स्वयंपाकघरातला एक ग्रॅमचा काटा इथे कामाचा नाही, आणि चमच्याचं तर नावच काढू नका: चहाच्या सपाट चमच्यात साडेचार-पाच ग्रॅम सोडा मावतो, आणि शीग लावली तर किती हे देव जाणे.

खाण्याचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट. बेकिंग पावडर वेगळी: तिच्यात आम्ल आणि स्टार्च आधीच मिसळलेले असतात, तिने हा हिशोब बिघडतो. धुण्याचा सोडा त्याहून वेगळा, तो कार्बोनेट आहे. डबा नीट वाचा.

१ सोडियम बायकार्बोनेट + १ ॲसिटिक आम्ल → १ सोडियम ॲसिटेट + १ पाणी + १ कार्बन डायऑक्साइड

व्हिनेगरच्या बाटलीवर ॲसिटिक आम्लाचं प्रमाण छापलेलं असतं. ते ४% असेल असं धरू. मग ५० मिली व्हिनेगरमध्ये आम्ल सुमारे २.० ग्रॅम, म्हणजे ६०.०५ ने भागून ०.०३३३ मोल. सहगुणक सगळे एक, त्यामुळे तेवढ्याच मोल सोड्याची गरज: ०.०३३३ × ८४.० = २.८ ग्रॅम. तुमच्या बाटलीवर ५% असेल तर हाच आकडा ३.५ ग्रॅम होईल. आपापलं लेबल बघून काढा.

आता प्रत्येक बाटलीत ५० मिली व्हिनेगर घ्या. पाच फुग्यांत कोरड्या नरसाळ्याने ०.७, १.४, २.८, ४.२ आणि ५.६ ग्रॅम सोडा भरा. फुगा बाटलीच्या तोंडावर चढवा, चढवताना तो बाजूला लोंबता ठेवा. मग पाचही उभे करून सोडा आत पडू द्या. बाटली हलकेच हलवा. बाटलीला झाकण लावून हा उद्योग कधीच करायचा नाही. वायूला जागा देणारा फुगाच हवा.

पहिले तीन फुगे चढत्या क्रमाने मोठे होतील. तिसरा, चौथा आणि पाचवा जवळजवळ सारखे. पहिल्या दोन बाटल्यांत सोडा आधी संपला आणि आम्ल उरलं. तिसरीत दोन्ही एकदम संपले. चौथ्या-पाचव्या बाटलीत आम्ल आधी संपलं, मग सोडा दीडपट घाला की दुप्पट, वायू तेवढाच. हिशोबाने तो २५ अंशांना सुमारे ०.८ लिटर भरतो. थोडा पाण्यातच विरघळून राहतो, म्हणून प्रत्यक्षात जरा कमी.

फुगा मोजताना एक घोटाळा हमखास होतो. शिंप्याच्या टेपने घेर मोजला आणि वायू दुप्पट झाला, तर घेरही दुप्पट व्हावा अशी अपेक्षा असते. होत नाही. आकारमान दुप्पट झालं की घेर फक्त १.२६ पट वाढतो. १.४ ग्रॅमच्या फुग्याचा घेर २९ सेंमीच्या आसपास आला तर २.८ ग्रॅमच्या फुग्याचा ३६ च्या आसपास यायला हवा. एवढा फरक बघून ‘सोडा दुप्पट घातला पण वायू काही वाढला नाही’ असा उलटा निष्कर्ष काढू नका.

आता या प्रयोगाचा खरा भाग: बाटलीत काय उरलं आहे? पाचव्या बाटलीत २.८ ग्रॅम सोडा उरलेला असणार, पण तळाशी पांढरं काही दिसेलच असं नाही. ५० मिली पाण्यात साडेचार ग्रॅमच्या आसपास सोडा सहज विरघळतो, त्यामुळे उरलेला सगळा पाण्यात गडप होतो. ‘पावडर दिसत नाही, म्हणजे सोडा संपला’ हे इथे साफ चूक ठरतं. लिटमसही फसवतो, कारण दोन्ही नेमके संपले तरी तयार झालेलं सोडियम ॲसिटेट द्रावण थोडं आम्लारिधर्मीच असतं. खात्रीची कसोटी एकच आहे. बाटलीतलं थोडं द्रावण दोन वाट्यांत घ्या. एकीत चार थेंब ताजं व्हिनेगर टाका, दुसरीत चिमूटभर सोडा. व्हिनेगर टाकल्यावर फसफसलं तर सोडा उरला होता. सोडा टाकल्यावर फसफसलं तर आम्ल.

प्रयोगशाळेत कुठलीही अभिक्रिया असो, कसोटीची कल्पना हीच: उरलेल्याला त्याचा जोडीदार थोडासा द्या आणि अभिक्रिया पुन्हा सुरू होते का ते बघा.

द्रावणं आली की

वजनाऐवजी आकारमान आणि मोलरता (एका लिटर द्रावणात किती मोल) दिली असेल तर दुसरी पायरी बदलते, बाकी काही नाही. मोल = मोलरता × लिटर. मिलीचे लिटर करायला विसरलात तर उत्तर हजारपट फुगतं, एवढंच लक्षात ठेवायचं.

मॅग्नेशियमची ०.२४ ग्रॅम फीत आणि ०.५ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल २० मिली. समीकरणात १ मॅग्नेशियमला २ आम्ल लागतात. मॅग्नेशियम ०.२४ ÷ २४.३ = ०.००९९ मोल. आम्ल ०.५ × ०.०२० = ०.०१० मोल, भागिले २ म्हणजे ०.००५. आम्ल लिमिटिंग. बुडबुडे थांबतील आणि निम्मी फीत तशीच पडून राहील. ‘प्रयोग बिघडला’ म्हणून ती फेकून देण्याऐवजी धुऊन, वाळवून वजन करा: ०.१२ ग्रॅमच्या आसपास भरली तर प्रयोग उत्तम झाला आहे. तेच आम्ल ५० मिली घेतलं असतं तर ०.०२५ ÷ २ = ०.०१२५, आणि फीत पूर्ण विरघळली असती.

वायू-वायू अभिक्रियांत तर मोलही काढावे लागत नाहीत. एकाच तापमानाला आणि दाबाला आकारमानाचं प्रमाण हेच मोलांचं प्रमाण. सरळ लिटर भागिले सहगुणक.

स्फटिकजल: उत्तर उलटवणारी चूक

कॉलेजच्या प्रात्यक्षिकात हमखास येणारी अभिक्रिया:

१ कॅल्शियम क्लोराइड + १ सोडियम कार्बोनेट → १ कॅल्शियम कार्बोनेट (अवक्षेप, म्हणजे न विरघळणारा साका) + २ सोडियम क्लोराइड

बाटलीतून १.५० ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड आणि १.२० ग्रॅम सोडियम कार्बोनेट घेतलं. सोडियम कार्बोनेट निर्जल, म्हणजे स्फटिकात पाणी नसलेलं, १०६.० ने भागून ०.०११३२ मोल. कॅल्शियम क्लोराइडला पाठ असलेल्या १११.० ने भागलं की ०.०१३५१ मोल येतात. म्हणजे कार्बोनेट लिमिटिंग आणि अवक्षेप १.१३ ग्रॅम मिळायला हवा.

पण लेबलवर ‘डायहायड्रेट’ लिहिलेलं असतं. प्रत्येक एककामागे दोन रेणू पाणी, रेणुवस्तुमान १४७.०. आता मोल १.५० ÷ १४७.० = ०.०१०२०, म्हणजे लिमिटिंग कॅल्शियम क्लोराइड, आणि अवक्षेप १.०२ ग्रॅम. नुसता आकडा बदलला असं नाही, लिमिटिंग रिएजंटच बदलला. वाळवून ०.९८ ग्रॅम अवक्षेप हाती आला तर खरा उतारा ९६% आहे. स्फटिकजल विसरणारा मात्र ८६-८७% लिहितो आणि ‘गाळताना सांडलं असेल’ असं कारण जोडतो. (साखर कारखान्यात जो उतारा, तोच हा, इंग्रजी पुस्तकात त्याला यील्ड म्हणतात.)

म्हणून वजन करण्याआधी लेबलवरचं पूर्ण नाव वहीत उतरवा. नुसतं ‘कॅल्शियम क्लोराइड’ पुरत नाही. बाटली बरेच दिवस उघडी राहिली असेल तर लेबलवरही पूर्ण विसंबू नका: कॅल्शियम क्लोराइड हवेतली ओल ओढून घेतं, ओलसर गोळे झालेला माल मोलांच्या हिशोबाला निरुपयोगी. निर्जल सोडियम कार्बोनेटही हळूहळू ओल धरतं. ते तापवून कोरडं करता येतं; कॅल्शियम क्लोराइड मात्र नव्या बाटलीतूनच घेतलेलं बरं.

शुद्धतेचाही हिशोब पहिल्याच टप्प्यात मिटवा. ९०% शुद्ध पदार्थ १० ग्रॅम घेतला तर मोल ९ ग्रॅमचे काढायचे.

प्रत्यक्ष करताना दोन्ही पदार्थ २५-२५ मिली ऊर्ध्वपातित पाण्यात वेगवेगळे विरघळवा. नळाचं पाणी नको. कठीण पाण्यात आधीच असलेलं कॅल्शियम तुमच्या सोडियम कार्बोनेटबरोबर आपलाच वेगळा साका पाडतं. एकत्र ओतल्यावर पाच-दहा मिनिटं थांबा, कोमट केलं तर साका दाणेदार होतो आणि लवकर गाळला जातो. गाळणकागदाचं वजन आधीच करून ठेवा, नंतर आठवून उपयोग नाही. आणि साका कागदावर असतानाच थोड्या थोड्या पाण्याने तीनदा धुवा. न धुतलेल्या साक्यात मीठ अडकतं आणि उतारा १०४% वगैरे येतो. शंभरच्या वरचा उतारा म्हणजे तुमचा पदार्थ एक तर ओला आहे, नाही तर मळका. ओव्हनमध्ये १०५-११० अंशांना वाळवा, थंड करून वजन करा, पुन्हा वाळवा, पुन्हा वजन करा. दोन वजनं जुळली की थांबा.

गाळून खाली आलेलं स्वच्छ पाणी फेकू नका. ते दोन परीक्षानळ्यांत वाटा. एकीत कॅल्शियम क्लोराइडच्या द्रावणाचे काही थेंब, दुसरीत सोडियम कार्बोनेटच्या द्रावणाचे. पहिली नळी दुधाळ झाली तर कार्बोनेट उरलं होतं, म्हणजे कॅल्शियम क्लोराइड लिमिटिंग. दुसरी झाली तर उलट. वरच्या उदाहरणात ०.१२ ग्रॅम कार्बोनेट उरतं, तेव्हा पहिली नळी स्पष्ट पांढरी व्हायला हवी. दोन्ही नळ्या दाट दुधाळ झाल्या तर अभिक्रिया पूर्ण होण्याआधीच गाळलंत किंवा नीट ढवळलं नाहीत, कारण दोन्ही आयन एकमेकांसमोर असताना शिल्लक राहत नाहीत. अगदी पुसटशी झाक आली तर दुर्लक्ष करा. कॅल्शियम कार्बोनेटही पाण्यात नाममात्र विरघळतंच.

कुणाला आधी संपू द्यायचं?

इथपर्यंत लिमिटिंग रिएजंट ‘शोधायचा’ होता. प्रयोग आखणारा तो ठरवतो. ॲस्पिरिनच्या नेहमीच्या प्रात्यक्षिकात २.० ग्रॅम सॅलिसिलिक आम्ल आणि ५ मिली ॲसिटिक ॲनहायड्राइड घेतात. सॅलिसिलिक आम्ल २.० ÷ १३८.१ = ०.०१४५ मोल. ॲनहायड्राइडची घनता १.०८, म्हणून ५.४ ग्रॅम, भागिले १०२.१ म्हणजे ०.०५२९ मोल. प्रमाण एकास एक असताना साडेतीन पटींहून जास्त ॲनहायड्राइड का ओतायचं? कारण शेवटी पाणी घातलं की उरलेल्या ॲनहायड्राइडचं ॲसिटिक आम्ल होतं आणि ते धुऊन जातं. उरलेलं सॅलिसिलिक आम्ल मात्र ॲस्पिरिनच्या स्फटिकांत मिसळून बसतं आणि फेरिक क्लोराइडच्या थेंबाने जांभळा रंग देऊन चुगली करतं. जे उरलं तर त्रास देईल, ते आधी संपेल अशी मापं घ्यायची. महाग पदार्थाचंही तसंच.

थिऑरेटिकल यील्ड, म्हणजे हिशोबाने जास्तीत जास्त मिळू शकणारं ॲस्पिरिन, इथे ०.०१४५ × १८०.२ = २.६ ग्रॅम. हाच हिशोब ॲनहायड्राइडवरून केला तर ९.५ ग्रॅम येतो, आणि सव्वादोन ग्रॅम उत्तम ॲस्पिरिन काढणाऱ्याला २४% उतारा दिसून तो खचतो. खरं तर तो ८६% आहे. उतारा नेहमी लिमिटिंग रिएजंटवरूनच काढतात.

त्या प्रात्यक्षिकात संहत सल्फ्युरिक आम्लाचे चार-पाच थेंबही पडतात. त्यांचे मोल काढत बसू नका. तो उत्प्रेरक आहे, खर्च होत नाही. द्रावक म्हणून घातलेलं पाणी किंवा अल्कोहोलही हिशोबात येत नाही, अर्थात ते समीकरणाच्या डाव्या बाजूला नसेल तरच.

जिथे साधी रीत पुरत नाही

काही ठिकाणी काय कमी आहे यावर उत्पादितच बदलतं. चुन्याच्या निवळीत फुंकर मारा: आधी ती दुधाळ होते, कारण कार्बन डायऑक्साइड कमी असताना कॅल्शियम कार्बोनेट बनतं. वायू सोडत राहिलात की निवळी पुन्हा स्वच्छ होते; जास्तीच्या वायूने त्याच कार्बोनेटचं विरघळणारं बायकार्बोनेट केलं. इथे एकच समीकरण धरून भागाकार केला तर अर्धीच गोष्ट कळते. आधी पहिली अभिक्रिया संपवा, काय उरलं ते बघा, ते दुसऱ्या समीकरणात घाला.

गॅसच्या शेगडीचंही हेच. एक लिटर प्रोपेनला ५ लिटर ऑक्सिजन लागतो. हवेत तो २१% असल्याने हवा लागते जवळजवळ २४ लिटर. बर्नरची भोकं बुजली, हवा अपुरी पडली, की ऑक्सिजन लिमिटिंग होतो. मग ज्योत निळी न राहता पिवळी होते, भांडी काळी पडतात, आणि कार्बन डायऑक्साइडच्या जोडीला कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. बंद न्हाणीघरात गॅस गीझर जीवघेणा ठरतो तो याच हिशोबामुळे: खोलीतला ऑक्सिजन घटत जातो, गॅस मात्र सिलिंडरमधून येतच राहतो.

परीक्षेपुरतं थोडं

प्रश्नात ‘जास्त प्रमाणात’, ‘भरपूर हवेत’, ‘एक्सेस’ असा शब्द असेल तर लिमिटिंग रिएजंट देऊन टाकलेलाच आहे, शोधत बसू नका. दोन्ही अभिक्रियाकारकांचे आकडे दिले असतील तर मात्र शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका. मधल्या पायऱ्यांत निदान चार अंक ठेवा आणि शेवटीच पूर्णांकन करा; दोन भागाकार जवळजवळ असतील तर घाईने केलेलं पूर्णांकन भलत्यालाच लिमिटिंग ठरवतं.

हातासाठी तीन गणितं, उत्तरांसह.

ॲल्युमिनियम ५.४ ग्रॅम, क्लोरीन १४.२ ग्रॅम, २ ॲल्युमिनियम + ३ क्लोरीन → २ ॲल्युमिनियम क्लोराइड. भागाकार ०.१०० आणि ०.०६६८. क्लोरीन लिमिटिंग, उत्पादित १७.८ ग्रॅम, ॲल्युमिनियम १.८ ग्रॅम उरतं. ताळा १९.६.

०.१ मोलर सिल्व्हर नायट्रेट २५ मिली, ०.२ मोलर मीठपाणी १० मिली; प्रमाण एकास एक. ०.००२५ आणि ०.००२०. मीठ लिमिटिंग, सिल्व्हर क्लोराइड ०.२८७ ग्रॅम. आकारमान आणि मोलरता यांतलं एकच बघून ठरवू नका, गुणाकार करा.

लोखंडाचा कीस ७.० ग्रॅम, गंधक ४.० ग्रॅम; प्रमाण एकास एक. ७.० ÷ ५५.८५ = ०.१२५३, ४.० ÷ ३२.०६ = ०.१२४८. फरक इतका थोडा की दोन्ही एकदमच संपतात म्हणायला हरकत नाही. शाळेत ७ आणि ४ हेच आकडे देतात ते त्यासाठी. तापवून झाल्यावर थंड गोळा कुटून लोहचुंबक फिरवा. कीस झपाट्याने चुंबकाला चिकटला तर आकड्यांना दोष देऊ नका; एक तर मिश्रण नीट घोटलेलं नव्हतं, नाही तर गंधक तापवताना जळून उडून गेलं आणि लोखंड मागे राहिलं. किंचित ओढ जाणवली तर तेवढी चालते. शाळेत बनणारं आयर्न सल्फाइड कधीकधी स्वतःच थोडंसं चुंबकाकडे जातं.